शंभर खिळ्यांचा डबा

पालघरच्या त्या दुकानात गल्ल्याच्या डाव्या हाताला भाऊ बसत आणि उजव्या हाताला मी. गिऱ्हाईक दारातून आत आले की आधी डावीकडे बघे. डावीकडे चार माणसे उभी असली तरी ते पाचवे होऊन उभे राही. उजवीकडे कोणी नसे. दोन वर्षे आणि काही महिने मी त्या जागेवर बसलो. या एका गोष्टीत कधी फरक पडल्याचे मला आठवत नाही.

दुकान इमारतीच्या सामानाचे होते. लोखंडी सळ्या, पत्रे, मंगलोरी कौले, चुना, खिळे, कड्या, बिजागऱ्या, आणि परमिट असेल त्याला सिमेंट. काळ साठ सालानंतरचा. लोक अजून आण्यांत भाव विचारत आणि नव्या पैशांत पैसे मोजत. विक्रीकराचा नवा कायदा येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि बिलाच्या तळाशी त्या कराची एक ओळ असे. बोट त्या ओळीवर पोचले की माणसाचा चेहरा उतरे. "हा काय आनखी?" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा येई. मी त्याचे उत्तर एका शब्दात देत असे : "सरकारी." भाऊंना त्याच उत्तराला पाव तास लागे. लोकांना पाव तास पसंत होता.

भाऊ शिरगावचे. किल्ल्याच्या अलीकडे त्यांची लहानशी वाडी होती, चार माड आणि थोड्या पानवेली. तिथून ते सायकलीने येत. वय पन्नाशीच्या आसपास. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी दोरा कानावरून घेतलेला. सदऱ्याला दोन खिसे असत. डाव्या खिशात स्वतःच्या वस्तू, उजव्यात दुकानाच्या. संध्याकाळी निघताना उजवा खिसा उलटा करून दाखवत, आणि कोणी बघत नसले तरी दाखवत. शिक्षण सातवीपर्यंत, सातवी नापास. मी मॅट्रिक होतो. माझे अक्षर वळणदार होते, बेरीज तोंडी होत असे आणि पाच कलमांचे बिल मी दोन मिनिटांत करत असे. या सर्व गोष्टी तेव्हा मला महत्त्वाच्या वाटत होत्या.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पालघर स्टेशनपासून माहीमच्या रस्त्यापर्यंत सांगितल्या जात. चहाच्या टपरीवर ते विचारत, "यात चा किती, दूद किती, आनि बसाया बाकडं दिलंस त्याचं किती?" टपरीवाला म्हणे, "भाऊ, प्या ना गपचीप." न्हाव्याकडे एकदा दाढी अर्धी झाली असताना त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "तुजं बरं हाय रे. तू मेनत करतोस, माल इकत नायस. तुला कर नाय." न्हाव्याला काही समजले नाही, पण आपले काहीतरी चांगले झाले असे वाटून त्याने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. भाऊ दुसऱ्या दिवशी जाऊन देऊन आले.

मनोरकडच्या एका वीटभट्टीवाल्याने विटांच्या बिलात कर लावला होता. ते बिल घेऊन एक शेतकरी भाऊंकडे आला. खरे तर विटा आमच्या दुकानातल्या नव्हत्या, आमचा काही संबंध नव्हता. भाऊंनी बिल उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "याचा नंबर कुटं हाय?" करखात्याकडे ज्याची नोंद आहे त्याला नंबर मिळतो, तो बिलावर छापलेला असतो, आणि ज्याला नंबर नाही त्याला कर घेता येत नाही, इतकी साधी गोष्ट होती. भाऊ रविवारी सायकलीवरून मनोरला गेले. भट्टीवाल्यासमोर उभे राहून म्हणाले, "नंबर दाव, नायतर याचं परत दे." भट्टीवाल्याने परत दिले. सोमवारी भाऊ पाय सुजलेले घेऊन दुकानात आले आणि ती हकिकत त्यांनी कोणाला सांगितली नाही. शेतकऱ्याने सांगितली. पुढचे आठ दिवस मनोरकडची माणसे खास त्यांना बघायला येत होती.

त्यांचा एक नियम शेठनाही जाचक वाटे. बिल कोणाच्या नावाने करायचे, याचा. एक सुखवस्तू गृहस्थ केळव्याहून जावयाच्या घरासाठी पत्रे घ्यायला आले. पैसे त्यांनी मोजले, नावही स्वतःचे सांगितले.

भाऊंनी टाक खाली ठेवला. "पत्रे कुनाच्या घरावर जानार?"

"जावयाच्या. पण पैसे मी देतोय ना!"

"पैशे कुनाचे ते मी इचारीत नाय. माल कुनाकडं चाललाय? ज्याच्याकडं माल, त्याचं नाव."

"आणि उद्या जावई म्हणाला, पत्रे मीच घेतले, तर?"

"तर खोटं नाय बोलनार. पत्रे त्याच्याच घरावर दिसतील."

रांग हसली. गृहस्थ तणतणत जावयाच्या नावाचे बिल घेऊन गेले. महिन्याने कड्यांसाठी परत आले तेव्हा उजवीकडे मी रिकामा होतो. ते डावीकडे उभे राहिले.

आता खिळ्यांविषयी. भाऊंच्या मागच्या फळीवर चहाचा एक रिकामा डबा होता आणि त्यात दोन इंची शंभर खिळे. कराविषयी कोणी विचारले की ते डबा काढत, फळकुटावर खिळ्यांच्या दहा ओळी मांडत, दर ओळीत दहा. "हा तुजा रुपया. शंभर नवे पैशे, शंभर खिळे. आता आने इसर." मग त्या मालावर जितका कर असेल तितके खिळे ओळीतून वर सरकवत. "हे तुजे नाय, माजे नाय, शेटचे पन नाय. शेट फकस्त पोचवनार. कळलं? आता तू सांग."

"तू सांग" हा भाग लोकांना नवीन होता. गिऱ्हाईक लाजे, मागची माणसे चिथावत, ते खिळे सरकवी, चुके, भाऊ पुन्हा मांडत. गिऱ्हाइकाने बरोबर सांगितले की भाऊ म्हणत, "जा आता. घरी जाऊन बायकोला सांग." लोक खरेच सांगत असावेत, कारण पुढच्या खेपेला बायका येत.

कराची बाब खिळ्यांइतकी सोपी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. सळ्यांवर कर एकदाच असे, आणि तो मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे भरला गेलेला असे. आम्ही तो पुन्हा लावायचा नव्हता. कौले मंगलोरहून गलबताने येत, राज्यात त्यांची पहिली विक्री आमचीच, म्हणून त्यांवर कर लागे. बैलगाडीचे भाडे दुकानाने ठरवून बिलात धरले तर त्यावरही कर चढे. गिऱ्हाइकाने बाहेर जाऊन स्वतः गाडी ठरवली आणि भाडे गाडीवाल्याच्या हातात दिले, तर बिलाचा त्याच्याशी संबंध उरत नसे. भाऊ एकेक कलम वेगळे काढून हे सांगत, आणि गाडी ठरवायला लोकांना बाहेर पिटाळत.

बिलच नको, साध्या चिठ्ठीवर माल द्या, कर वाचेल, असे म्हणणारेही येत. त्यांना भाऊंचे उत्तर ठरलेले होते. "फुटकं कौल निघालं तर कुटं नाचवशील ती चिटी? बिल नसंल तर कौल तुजं हाय हे कोन सांगंल?"

माझी पद्धत वेगळी होती. सगळ्या मालाची बेरीज, तीत गाडीभाडे, आणि एकूण बेरजेवर सरसकट कर. पद्धत शेठनी घालून दिली होती. सरकारात जे भरायचे ते भरले जाई, वर जे जमा होई ते दुकानात राही. मला हे ठाऊक होते. माझ्या पद्धतीने वेळ वाचत होता, आणि वेळ वाचतो या गोष्टीवर माझा विश्वास होता.

त्या काळात मी भाऊंकडे बराच वेळ बघत असे. त्यांचे बोलणे अशुद्ध होते, अक्षर गिचमिड होते, ते सावकाश होते. त्यांच्यात काय आहे जे माझ्यात नाही, याची मी मनात यादी करत असे आणि ती दरवेळी रिकामी निघे. रांग मात्र तिथेच होती. एखाद्या दिवशी रांगेतला शेवटचा माणूस कंटाळून माझ्याकडे वळला तर मला इतका आनंद होई की त्याचे बिल मी मुद्दाम रंगीत शाईने रेघ मारून करत असे. तो माणूस बिल घेऊन पुन्हा डावीकडे जाई आणि भाऊंना विचारी, "बरोबर हाय ना?"

एका दुपारी भाऊ हात धुवायला मागे गेले असताना मी उठलो, डबा उघडला आणि एक खिळा काढून खिशात टाकला. चोरीचे मोल शून्य होते. मला इतकेच हवे होते की लोकांसमोर त्यांची शेवटची ओळ अपुरी पडावी.

ती पडली. तासाभराने सफाळ्याकडचा एक जण कौलांना आला, भाऊंनी ओळी मांडल्या आणि दहाव्या ओळीत नऊ निघाले. त्यांनी बोटाने पुन्हा मोजले. माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "एक गेला. कोनतरी घर बांधाया लागला असंल."

रांग हसली. मीही हसलो.

भाऊ उठले, खिळ्यांच्या पोत्यातून एक खिळा घेतला, डाव्या खिशातून एक नवा पैसा काढून गल्ल्यात टाकला आणि बिलबुक ओढून त्या एका खिळ्याचे बिल केले. वेळ लागला, कारण ते गिचमिड अक्षरही ते कोरून काढत. वरची प्रत त्यांनी कुठे ठेवली ते मी पाहिले नाही. स्वतःच्या नावाने एका खिळ्याचे बिल करणारा माणूस, ही गोष्ट मी त्या संध्याकाळी स्टेशनवर चार जणांना सांगितली. चौघांनाही ती आवडली, आणि चौघांनाही भाऊच आवडले. मी सांगायला नको होती.

याच सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचे काम सुरू झाले आणि बोईसरचे रूप बदलू लागले. स्टेशनबाहेर ठेकेदार, मुकादम, परप्रांतातले मजूर. ज्याच्याकडे दोन गुंठे जागा होती तो भाड्याच्या खोल्या बांधत होता. शेठनी बोईसरला शाखा काढायचे ठरवले. आम्हा दोघांपैकी एकाला तिथे पाठवायचे होते. शाखेच्या मागे दोन खोल्या होत्या, त्या शाखा सांभाळणाऱ्याला राहायला मिळणार होत्या.

माझे लग्न ठरले होते. मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितले होते की राहायला जागा दाखवा, मग तारीख काढू. मी तेव्हा एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो. त्यामुळे बोईसरची शाखा म्हणजे माझे लग्न, असा सरळ हिशेब होता. भाऊंना वाडी होती, घर होते, त्यांना शाखेची गरज नव्हती. तरीही शेठ त्यांना विचारतील या भीतीने मी दोन महिने नीट जेवलो नाही.

निकाल सातपाटीच्या एका कोळणीमुळे लागला. ही बाई बाजारात सुके बोंबील विकत असे आणि दर महिन्याला थोडे थोडे सामान नेऊन झोपडीच्या जागी पक्के घर उभारत होती. त्या दिवशी भाऊ वाडीच्या कामासाठी रजेवर होते. तिने सळ्या आणि कौले घेतली, गाडी दुकानानेच ठरवली. मी दोन मिनिटांत बिल केले. तिने ते हातात घेतले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "डबा काढ."

"कसला डबा?"

"खिळ्यांचा. भाऊचा. काढ, काढ."

मागे सहा-सात माणसे होती. मी डबा काढला. तिने टोपली खाली ठेवली आणि फळकुटावर खिळ्यांचे तीन ढीग केले.

"ही सळी. हिचा कर मुंबयच्या शेटनी भरलाय. एकदा भरला तो भरला. ही कौलं. गलबतातनं आली, हितं पयली इक्री तुमचीच. यावर लागंल, देते मी, नाय कोन बोलतो? आनि हा गाडीवाला. हा बग भायेर बिडी ओढतोय. त्याला बिलातनं काड, त्याचं मी त्याला देन. त्याच्या बिडीवर तू कर का घेतोस, दादा?"

दुकानात जो हशा झाला तो गाडीवाल्यापर्यंत गेला. तोही काही न कळता हसला. मी बिल फाडून दुसरे केले. गादीवरून शेठ हे सर्व पाहत होते.

दुकान बंद करताना शेठ त्यांच्या गुजरातीमिश्र मराठीत मला म्हणाले, "जोयुं? आता सातपाटीची मच्छीवाली आपल्याला टॅक्स शिकवते. दुकान छे के निशाळ छे?" मग गल्ल्याला कुलूप लावत, "बोईसरला तुमी जा. तिकडं ही शाळा नको."

शाखा मला मिळाली. ज्या चुकीसाठी दुपारी हसू झाले होते त्याच चुकीसाठी ती मिळाली होती, हे मला त्याच क्षणी समजले. मी शेठचे आभार मानले आणि मुलीच्या वडिलांना पत्र लिहिले. भाऊंना दुसऱ्या दिवशी ही बातमी कळली. ते म्हणाले, "बरं झालं. तिकडं पानी बगून भर, बोईसरला पानी मचूळ." त्यांना वाईट वाटले असते तर मला बरे वाटले असते.

बोईसरला कोणी डावीकडे नव्हते. ठेकेदारांची माणसे "बाबूजी, जल्दी" म्हणत येत आणि मी जल्दी देत असे. लग्न झाले. दोन खोल्यांत संसार मांडला. तीन-चार महिने मी जवळजवळ सुखी होतो.

मग बिले परत येऊ लागली. पहिले एका मुकादमाने आणले. भाड्याच्या खोल्यांसाठी त्याने माझ्याकडून सळ्या नेल्या होत्या. बिलाच्या पाठीवर पेन्सिलने, ओळखीच्या गिचमिड अक्षरात, कराचा बरोबर आकडा होता आणि खाली तीन शब्द : "बघ. पावतीवर लिही." मुकादम आगगाडीने पालघरला जाऊन बिल तपासून आला होता. मी विचारले, "इतक्या लांब कशाला गेलात?" तो म्हणाला, "बाबूजी, सब लोग जाते हैं."

त्याच्यामागे माणसे उभी होती आणि ऐकत होती. मी फरक परत केला आणि भाऊंच्या सांगण्याप्रमाणे बिलबुकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर 'परत' असे लिहून त्याचा अंगठा घेतला. त्यानंतर दर आठवड्याला एक-दोन बिले येत. कधी पाठीवर फक्त आकडा असे, कधी "बघ" असे. शेठना भाऊंनी कधी काही सांगितले नाही. मला कधी बोलावले नाही, समजावले नाही. सांगितले असते तर मला त्यांच्यावर रागावता आले असते.

एकदा बायको पालघरच्या बाजाराला गेली आणि परत आली ती उत्साहात.

"आज भाऊंच्या दुकानात गेले होते. काय माणूस आहे हो! खिळे मांडून सगळं दाखवलं. मला बरोबर सांगता आलं, पहिल्याच खेपेला. म्हणाले, तुजा नवरा पन हुशार हाय."

"बरं."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत हे मला."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. लग्नाच्या आधी, दुकानात आले होते बाबांबरोबर तेव्हा. तुम्ही म्हणालात, सरकारी."

मी जेवायला बसलो. ती बाजारातून आणलेल्या वालाच्या शेंगांच्या दहा-दहाच्या ओळी लावत होती.

त्यानंतर कोणीतरी तक्रार केली. कोणी ते शेवटपर्यंत कळले नाही. ठाण्याहून विक्रीकर खात्याचे निरीक्षक आले, दोन्ही दुकानांची बिलबुके त्यांनी बोईसरला मागवून घेतली आणि माझ्या टेबलाशी दोन दिवस बसले. पहिल्याच सकाळी शेठ त्यांना म्हणाले, "साहेब, इथली बिलं ह्यांनी केलीत. मी पालघरला असतो. मला शी खबर?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. जो कर लागतच नाही तो लोकांकडून घेतला, असे ठरले तर नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर मागच्या दोन खोल्या. आतून बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता.

निरीक्षक सावकाश वाचणारे होते. एकेक पान उलटत गेले. पहिली काही बुके वाचताना त्यांच्या कपाळाची आठी मोडत नव्हती. मग 'परत' लिहिलेली पाने सुरू झाली. ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"हे तुम्ही परत केलंत?"

"हो."

"स्वतः शोधून?"

"चूक लक्षात आली तशी परत केली."

वाक्य खरे होते आणि अपुरे होते. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो तेव्हा अशी वाक्ये पुष्कळ वाचली आणि काही स्वतः लिहिली. तिथे दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी कराचा भाग माझ्याकडे असे, आणि मी शंभरातले किती कोणाचे, असे मांडून लिहीत असे. समजले, अशी वाचकांची पत्रे येत. ही मांडणी कोणाची, ते मी कधी छापले नाही.

निरीक्षकांनी ठरवले की हेतू वाईट दिसत नाही. परत न केलेली रक्कम सरकारजमा करायची आणि यापुढे कलमवार बिल करायचे. शेठनी ती भरली. ते मला म्हणाले, "बरं झालं, तुमी परत दिले ते. हुशार छो." नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. ज्याच्यामुळे राहिल्या तो माणूस पालघरला खिळे मांडत बसला होता आणि माझ्या खोल्या जाणार होत्या हेही त्याला ठाऊक नव्हते.

त्याआधी, तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, निरीक्षक पालघरची जुनी बिलबुके चाळत होते. काम संपत आले होते. एका पानावर ते थांबले आणि बुक माझ्याकडे फिरवले.

"हे काय आहे?"

स्थळप्रतीवर लिहिले होते : खिळा, दोन इंची, नग एक. किंमत नवा पैसा एक. कर पैशाच्या आत, म्हणून घेतला नाही. रोख. आणि वर, घेणाऱ्याच्या रकान्यात, भाऊंच्या गिचमिड अक्षरात, पण कोरून काढलेले, माझे नाव होते. आडनावासकट.

"तुमचंच नाव ना?"

"हो."

"एक खिळा घेतलात?"

त्या वेळी सांगता आले असते की हा एका विक्षिप्त माणसाचा उद्योग आहे. कोणीही विश्वास ठेवला असता.

"घेतला," मी म्हणालो.

निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या सगळ्या नोकरीत एका खिळ्याचं बिल पाहिलं नाही. कोणी केलं?"

"पालघरला भाऊ म्हणून आहेत."

"त्यांना भेटलं पाहिजे," ते म्हणाले, आणि ते बिल त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. माझ्या परत दिलेल्या बिलांपैकी एकही त्यांनी उतरवून घेतले नव्हते.

रविवारी बोईसरचे दुकान बंद असे, पालघरचे अर्धा दिवस उघडे असे. मी गाडीने गेलो. भाऊंसमोर पाच माणसे होती. मी सहावा उभा राहिलो. उजव्या बाजूला, माझ्या जुन्या जागी, एक नवा कारकून होता, नीटनेटका, शाईची दौत पुसून ठेवलेली. त्याने माझ्याकडे आशेने पाहिले. मी रांग सोडली नाही.

बराच वेळ गेला. खिळे तीनदा मांडले गेले आणि तीनदा डब्यात गेले. माझा नंबर आला.

"काय पायजे?" भाऊंनी विचारले. जसे कोणालाही विचारत तसे.

मी खिशातून खिळा काढून फळकुटावर ठेवला. तो दोन वर्षे माझ्या टेबलाच्या खणात टाकांबरोबर पडून होता आणि थोडा गंजला होता.

"हा परत करायचाय."

भाऊंनी तो उचलला नाही. चष्म्याचा दोरा कानामागे सारला.

"इकलेला माल परत घेत नाय. बिल झालंय तुजं."

मग त्यांनी डबा ओढला, खिळ्यांत हात घालून तळाशी चाचपले आणि घडी घातलेला एक कागद बाहेर काढला. खिळ्यांखाली राहून त्याला गंजाचे डाग पडले होते. बिलाची वरची प्रत होती.

"न्यायची राहिली तुजी. घे, आनि जपून ठेव. बिल नसंल तर खिळा तुजा हाय हे कोन सांगंल?"

मागून कोणीतरी हसले. मी खिळा आणि बिल, दोन्ही उचलले. भाऊंनी मान तिरकी करून माझ्या मागे पाहिले.

"फुडं कोन?"

माझ्या मागच्या माणसाने कौलांचा भाव विचारला आणि भाऊ खिळे मांडू लागले. मी दाराकडे निघालो. उजवीकडचा नवा कारकून रिकामाच होता. तो भाऊंच्या डब्याकडे बघत होता.